गोलीला पाच मिनिटांची संधी नसते

आज सकाळी एका हॉकी ग्रुपवर हॉकी इंडिया लीगमधल्या गोलकीपरांबद्दल वाचलं, "आपले गोली लीगच्या लायकीचे नाहीत, परदेशीच घ्या." खाली लाइकचा पाऊस. डोकं फिरलं.

पोराच्या किटसाठी भारताचा माजी गोली श्रीजेश याच्या वडिलांनी गाय विकली, ही गोष्ट पदक आलं की सगळे डोळे पुसत शेअर करतात. पण तो भारताकडून पहिल्यांदा उतरला 2006 मध्ये आणि नियमित गोली व्हायला 2011 उजाडलं. ती मधली पाच वर्षं कोण शेअर करतं?

फॉरवर्ड गडबडला तर दोन मिनिटांत बाहेर बोलावता येतो, पाणी पाजून परत धाडता येतो. नवख्याला असं तुकड्या-तुकड्यांनी मुरवता येतं. गोली मात्र उभा राहिला की बहुधा साठ मिनिटं तोच. म्हणून सगळ्यांत आधी त्याच्यावरचाच भरवसा उडतो.

"नेटमध्ये तयार करा ना!" अहो, कसं? डीच्या, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या टोकावरून ताशी शंभर किलोमीटरने आलेला ड्रॅगफ्लिक (पेनल्टी कॉर्नरला स्टिकने ओढून फेकलेला चेंडू) अर्ध्या सेकंदात गोलवर असतो. सरावात चेंडू स्पष्ट दिसतो. मॅचमध्ये फटका अडवायला धावलेला आपलाच पहिला रनर आडवा येतो आणि चेंडू त्याच्या कमरेजवळून एकदम बाहेर पडतो. घाबरलेलं पोरगं अंदाजाने आधीच आडवं होतं, वरचा कोपरा मोकळा. दुसरी चूक, अडवलेला चेंडू सरळ समोर, रिबाउंडसाठी टपलेल्याच्या स्टिकवर. किकर (पायातलं जाड पॅड) तिरका धरून तो कडेला काढायचा, हे सांगून कळतं, पण पायात यायला गोल खावे लागतात. बरोबरी सोडवणाऱ्या शूटआउटमध्ये एकटा खेळाडू गोलीवर चालून येतो, त्या 8 सेकंदांत नवखा तिसऱ्या सेकंदालाच झोपतो. मुरलेला पायांवर राहतो आणि समोरच्याला रिव्हर्सकडे (उलट्या स्टिकच्या बाजूला), कोनाबाहेर रेटत नेतो.

बरं, मान्य. 2025 च्या फेब्रुवारीत लीगची फायनल खेळलेल्या बंगाल आणि हैदराबाद, दोघांनीही लिलावात परदेशी गोली घेतले होते. ब्लाक आणि डानेबर्ग, दोघेही उत्तम. मालकाने पैसे ओतलेत, त्याला जिंकायचंय.

पण 2017 आठवा. श्रीजेश गुडघ्याने बाहेर. ढाक्याच्या आशिया कपला गोली कोण होते? यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. कप आपण आणला. कृष्ण पाठक तर 2018 पासून संघात, पण पॅरिस ऑलिंपिकनंतर श्रीजेश निवृत्त होईपर्यंत बहुतेकदा दुसरा गोलीच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ती कमेंट करणाऱ्यालाही भारत जिंकायलाच हवाय, कळतं. पण गाय विकणारा बाप प्रत्येक पिढीत मिळेलही, पाच वर्षं थांबणारा संघमालक कुठून आणायचा? लीगच्या 2024-25 च्या हंगामात 24 जणांच्या संघात 4 ज्युनियर घ्यावेच लागत होते. संघातल्या ज्युनियरांत गोली असेल तर साखळीतले लागोपाठ तीन सामने त्याला पूर्ण द्या. पहिल्यात चार खाल्ले तरी दुसऱ्यात तोच उभा करा.