किटलीच्या झाकणातून इंजिन निघालं नाही

सध्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मोठे शोध एखाद्या अलौकिक माणसाला एका क्षणी सुचतात, जेम्स वॅटनं किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेचं इंजिन जन्मलं. शोध लागला की जग आपोआप बदलतं. आपल्या भागात असं काही घडलं नाही. तेव्हा इतिहासाच्या तासाला यावर वेळ न घालवता परीक्षेसाठी ‘शोध, शोधक, साल’ असा तक्ता पाठ करून घ्यावा.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात इतिहास शिकवतो. हा मजकूर मला साफ अमान्य आहे, आणि तो का, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी किटली. वॅट जन्मला १७३६ मध्ये. थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ पासूनच इंग्लंडमधल्या खाणींतलं पाणी उपसत होतं. म्हणजे वॅटच्या जन्माआधी चोवीस वर्षं. ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या वॅटच्या हाती १७६३-६४ च्या हिवाळ्यात याच इंजिनाची छोटी प्रतिकृती दुरुस्तीला आली, तिथून त्याचं काम सुरू झालं.

हे मी वर्गात नुसतं सांगत नाही. पत्र्याच्या रिकाम्या डब्यात थोडं पाणी घालून उकळवतो, वाफ भरभरून यायला लागली की डबा खाली उतरवून बूच घट्ट लावतो आणि वरून गार पाणी ओततो. आतल्या वाफेचं पाणी होतं, पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा डबा चेपून टाकते. दाणकन आवाज येतो, मागच्या बाकावरची पोरं उभी राहतात. न्यूकोमेनचं इंजिन याच तत्त्वावर चालायचं. मग मी विचारतो, ‘आता हेच परत परत करायचं झालं तर?’ यंदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, मग डबा दर वेळी परत तापवायला लागणार की. किती जळण जाईल!’

वॅटला नेमका हाच प्रश्न पडला होता. न्यूकोमेनच्या इंजिनाचा सिलिंडर एकदा तापवायचा, एकदा गार करायचा, यात कोळसा वाया जात होता. वाफ गार करायला वेगळं भांडं जोडावं, ही कल्पना त्याला १७६५ मध्ये फिरायला गेला असताना सुचली. म्हणजे ‘क्षण’ होता, तो मी नाकारत नाही. पण त्याच्या आधी वर्षभराहून जास्त डोकेफोड होती आणि नंतर अकरा वर्षं. कारखानदार मॅथ्यू बोल्टनचं भांडवल आलं, तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनच्या यंत्रानं सिलिंडर अचूक कोरला, तेव्हा कुठे १७७६ मध्ये इंजिनं कामाला लागली. जळणाच्या बचतीचा तिसरा हिस्सा वॅट आणि बोल्टन हे भागीदार आपली रक्कम म्हणून घेत. हा हिशोब सांगितला की वाटेकऱ्यांच्या घरातल्या माझ्या मुलांना वॅट एकदम ओळखीचा वाटायला लागतो.

शोध लागला की जग आपोआप बदलतं म्हणे. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. तिथले संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयानं, तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून. मराठी मुलखातल्या छपाईची ही अगदी सुरुवातीची पावलं. तिच्यामुळे मिरजेत घरोघरी पुस्तकं आली का? नाही. अख्खं पान एकाच पत्र्यावर कोरलं की त्यावर तेवढं एकच पान निघतं, दुसऱ्या पुस्तकासाठी पुन्हा पहिल्यापासून कोरायचं. त्याच साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या धातूच्या ठशांनी, छापलं गेलं. खिळे सुटे करून पुढच्या पानाला वापरता येतात. साल एक, लिपी एक, कारागिरीत आपला माणूस तसूभर कमी नाही, आणि तरी छपाईची पुढची वाट खिळ्यांच्या बाजूनं गेली. तक्त्यात यातलं काय मावणार?

‘आपल्या भागात काही घडलं नाही’ हे वाचून मात्र मला खरोखर वाईट वाटलं. किर्लोस्करवाडीच्या इतक्या जवळ राहून आपणच असलं पुढे पाठवतो! लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शोधला असं मी कधीच शिकवत नाही, परदेशात तो आधीपासून होता. त्यांनी तो इथल्या जमिनीला आणि बैलांना जमेल असा घडवला. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे नांगर बनवण्याइतकंच तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणं अवघड होतं. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला. कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. तिकडे कराडजवळ ओगलेवाडीत काच आणि कंदील तयार होऊ लागले. या दोन्ही कारखान्यांच्या मालाचा प्रचार करत एक माणूस हिंडला, त्याचं नाव भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर ते हेच. नांगर विकायला गावोगाव गेलेल्या माणसानं गावोगाव शाळा काढल्या, यात मला तरी निव्वळ योगायोग दिसत नाही.

राहिला परीक्षेचा मुद्दा. परीक्षेला सालं लागतात, मीही पाठ करून घेतो. त्याला दोन तास पुरतात. बाकीचे तास कशाला आहेत?

त्या तासांसाठी मी एक गृहपाठ देतो. घरातली किंवा शेतातली एक वस्तू निवडा. ती यायच्या आधी काय होतं, आणि ती आल्यावर कुणाचं काम गेलं, हे आज्जा-आजीला विचारून लिहा. एका मुलानं विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर लिहिलं. इंजिन आल्यावर बैलांची एक जोडी विकली, आज्जाला पहाटे उठायचं राहिलं नाही, मोटेवरची गाणी बंद झाली. खाली पेन्सिलीनं आणखी एक ओळ होती : ‘आमची मोट शिवून देणारं घर होतं. ते आता गावात नाही. कुठं गेलं ते आज्जाला माहीत नाही.’ ते घर कुठं गेलं, हे तो आता गावातल्या इतर म्हाताऱ्यांना विचारत फिरतो आहे.