समुद्राकडचा दिवा

आमच्या आगराच्या पश्चिम टोकाला एक खांब आहे. त्यावरचा दिवा गेली चार वर्षं आम्ही लावलेला नाही. या दिव्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आणि परवा निमित्त झालं. डोंबिवलीच्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला. दोघंही पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, गुहागर-दापोलीकडे ‘सी टच’ जागा बघतायत. वहिनींनी विचारलं, “तुम्हाला तिथे करमतं कसं हो?” फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते. लांबेल, सवडीने वाचा.

गुहागरला ‘खालचा पाट’ नावाच्या वस्तीत आमचं सासऱ्यांच्या वेळचं घर आहे. रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीचं आगर, आगरामागे सुरूची झाडं आणि मग वाळू. बत्तीस वर्षं सात बेचाळीसची लोकल पकडल्यावर पाच वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो. पहिले दोन महिने खरंच करमलं नाही. समुद्र समोर होता, पण त्याच्याकडे बघायचं कसं हेच माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी खुर्च्या टाकून सूर्यास्त बघायचो आणि साडेसातला आत येऊन टीव्ही लावायचो. अशा आयुष्याला कुणीही पंधरा दिवसांत कंटाळेल.

करमायला लागलं ते भरती कळायला लागल्यावर. शेजारच्या आगरातले अण्णा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी मला शाळेतली पाऊणकी परत म्हणायला लावली. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, त्या वेळेला भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला आणि वाळूतल्या तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्याला एवढा हिशोब पुरतो. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. जुन्या लोकांनी ते पाऊण तासात बसवून टाकलं. कालनिर्णय भिंतीवर असला की झालं.

याचा एक फायदा मला फार आवडतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी सुरूच्या मुळांपर्यंत येतं आणि उतरतंही तेवढंच लांब. त्या दिवशी भरती सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पाच-सव्वापाचला, पहाटेही आणि संध्याकाळीही. महिन्यातले हे चार-सहा दिवस ओली, कडक, आरशासारखी वाळू नेमकी चालायच्या वेळेला मोकळी होते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ना फार चढत ना फार उतरत. त्या दिवसांत मी आगरातली कामं काढते, माडांना शिपणं करते, म्हणजे पाणी देते, पोफळीची गळलेली पानं, विऱ्या, गोळा करते.

ओहोटी लागली की वाटाण्याएवढे खेकडे बिळांतून वर येतात. वाळूचा घास तोंडात फिरवून त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. अर्ध्या तासात बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी तयार होते. पुढची भरती ती पुसते आणि सहा तासांनी ते पुन्हा मांडायला बसतात. ह्यांना गुडघेदुखीमुळे फार चालता येत नाही. हे तिथेच एका ओंडक्यावर बसून एकच बीळ बघत राहतात. डोंबिवलीत या माणसाला मी दहा मिनिटं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

थंडीत कुरव येतात, शेकड्यांनी. उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेले हे पक्षी वाळूवर सगळे एकाच दिशेला, वाऱ्याकडे तोंड करून बसतात. वाऱ्याची दिशा बघायची असेल तर त्यांच्याकडे बघावं. आणि वाऱ्यालाही वेळ असते. पहाटे अंगणात उभं राहिलं तर तो डोंगराकडून, पाठीवर येतो, गार. हा मतलई. मग मध्ये एक वेळ अशी येते की माडाची झावळी हलत नाही. दुपार जवळ आली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो सुटला की आमचं मागचं दार आपोआप आपटतं, आणि मी भाताला कुकर लावते.

शेजारच्या आसगोली गावची मासळीवाली मावशी नऊच्या सुमाराला येते. टोपलीत काय आहे ते मी आता विचारत नाही. काय घ्यावं, ते तीच सांगते. “काकू, बांगडो आज नको, कालचो हा. मुडदुशी घ्या.” पाच वर्षांत तिने मला एकदाही शिळा मासा दिलेला नाही, आणि मीही तिच्याशी कधी घासाघीस केलेली नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, तो माशांचा विणीचा काळ. तेव्हा सोडे, सुकट, कुळथाची पिठी. नारळी पौर्णिमेनंतर तिची पहिली हाक येते तेव्हा घरात सण असतो.

पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली. ती कबूल करण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

आगरात रात्री मिट्ट काळोख. शहरातून आलेल्या माणसाला तो काळोख अंगावर येतो. चोर, बिबट्या, साप, काहीही मनात येतं. म्हणून आम्ही आगराच्या टोकाला खांब रोवला आणि समुद्राकडे तोंड करून मोठा पांढरा दिवा लावला. रात्रभर जळायचा. दुरून आमचं घर ओळखू यायचं, याचा ह्यांना अभिमानच वाटायचा.

मार्चमधल्या एका सकाळी शिपणं करायला गेले, तर माडांना पाणी देण्याच्या पाटाच्या कोरड्या भागात काहीतरी काळं पडलेलं दिसलं. कासवाची पिल्लं होती, तळहाताच्या निम्म्यानेही नसतील. सात मोजली. चार मेलेली होती, एकावर मुंग्या चढल्या होत्या. उरलेली तीन अजून पाय मारत होती, खांबाच्या दिशेने.

किनाऱ्यावर काम करणाऱ्या कासवमित्राला बोलावलं. पंचविशीतला मुलगा. तो रागावला नाही. तिन्ही पिल्लं त्याने ओल्या वाळूवर ठेवली आणि ती पाण्यात शिरेपर्यंत उभा राहिला. मग परत येताना म्हणाला, “काकी, ही पिल्लं रात्री वर येतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात. काळोखात समुद्राकडचं आभाळ उजळ असतं ना, म्हणून त्यांना समुद्र सापडतो. तुमचा दिवा समुद्रापेक्षा उजळ होता.”

त्या संध्याकाळी दिवा लावला नाही. नंतर कधीच लावला नाही.

मग मी त्याच्या मागेच लागले, माहिती विचारत राहिले. ही ऑलिव्ह रिडले कासवं. साधारण नोव्हेंबर ते मार्च माद्या रात्री वर येतात, वाळूत साधारण हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. पुन्हा वळून बघत नाहीत. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वाळूच्या उबेने बाहेर येतात. नर की मादी तेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून मादीच्या पावलांची नक्षी शोधतात, अंडी काढून कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तशाच खड्ड्यात पुरतात. पण नजरेतून एखादं घरटं सुटतंच. आमच्या पाटात आलेली पिल्लं अशाच सुटलेल्या घरट्यातली.

आपल्या किनाऱ्यावर हे काम २००२ साली वेळास गावी सुरू झालं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केलं. गुहागरला आज मोठ्या संख्येने घरटी होतात. इथून २०२३ च्या फेब्रुवारीत पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि उलट दिशेची गोष्ट तर त्याहून मोठी. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला ०३२३३ क्रमांकाची खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. ते वाचलं त्या रात्री मी खांबापाशी बराच वेळ उभी होते. एवढ्या लांबून ती येते, आणि शेवटच्या पन्नास पावलांवर आपण दिवा लावून बसतो.

काळोखाची सवय व्हायला महिना लागला. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. जानेवारीत रात्री नऊ-दहाला दक्षिणेला, आसगोलीच्या बाजूला, खाली एक ठळक तारा चमकतो. तो अगस्ती. व्याध ताऱ्याच्या खाली नजर नेली की सापडतो. डोंबिवलीत बत्तीस वर्षांत मला तो एकदाही दिसला नव्हता. थंडीतल्या एखाद्या अमावास्येला लाट फुटते तिथे निळसर उजेड पेटतो आणि विझतो. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांचा तो उजेड, हलवलं की चमकणारा. दिव्याच्या झगमगाटात तो कधीच दिसला नसता. पहिला पाऊस पडायच्या आधी आगरात काजवे येतात. पूर्वी इथे घरोघरी उंडीच्या तेलाचे दिवे असत, अण्णा सांगतात. तेवढ्या उजेडात पायाखालचं दिसायचं आणि वरचं आभाळही.

म्हणून जागा बघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. समुद्राकडे दिवे लावू नका. निदान नोव्हेंबर ते मे या काळात तरी नकोच. उजेड हवाच असेल तर ओटीवर, पिवळा, खाली तोंड केलेला आणि जमिनीकडच्या बाजूला लावा. काचेच्या मोठ्या खिडक्या असतील तर रात्री पडदे ओढा. पाहुण्यांची गैरसोय होईल असं म्हणतात. आमच्याकडे आलेल्या एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. रात्री अंगणात आडवं पडून आभाळ बघायला मिळालं म्हणून तेच पुन्हा येतात.

आणि वाळूवर पसरलेला तो जांभळ्या फुलांचा वेल कृपा करून उपटू नका. गेल्या वर्षी आमच्या पलीकडे एका नव्या बंगल्यासाठी तो उपटून हिरवळ लावली, पुढे दगडी भिंत घातली. पावसाळ्यात भिंतीच्या पायाखालची वाळू वाहून गेली. त्या वेलीला इथे मर्यादवेल म्हणतात. समुद्र कुठवर येणार ते तिला ठाऊक असतं आणि तिथली वाळू ती धरून ठेवते. आपल्या माणसांनी इतकं नेमकं नाव देऊन ठेवलंय, ते तरी ऐकावं. कुंपण हवं तर केवड्याचं करा.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. मोठ्या डॉक्टरांसाठी चिपळूण गाठावं लागतं, पंचेचाळीस किलोमीटर, घाटाच्या वळणांचा रस्ता. पावसात वीज दोन-दोन दिवस नसते. लोखंड गंजतं, पुस्तकांना बुरशी येते. मुलं वर्षातून दोनदा येतात, आणि ती गेल्यावर घर चार दिवस रिकामं वाटतं. हे सगळं धरूनही मी परत जाणार नाही.

वहिनी, तुम्ही दोघं मार्चमध्येच या. जागा नंतर बघू. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी आहे.

उद्या वद्य दशमी. दहा पाऊण साडेसात. उबवणी केंद्रातलं एक घरटं आज उघडलंय, उद्या सकाळी पिल्लं सोडणार आहेत. तेव्हा पाणी वर आलेलं असेल, त्यांना चालायला थोडं कमी पडेल. मी साडेसहाला निघते आहे. हेही येणार म्हणालेत, काठी घेऊन, हळूहळू.