सुर्या बोनालीला त्या एका उडीत कोंडू नका

या आठवड्यात तिसऱ्यांदा कुणीतरी मला तोच व्हिडिओ पाठवला. १९९८, नागानोचं हिवाळी ऑलिम्पिक. फ्रान्सची फिगर स्केटर सुर्या बोनाली (नाव आपल्या सूर्याचंच) बर्फावर मागे कोलांटी घेते आणि एका पायावर उतरते. अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण खाली ‘बंडखोर’ एवढंच लिहून लोक पुढे जातात, तेव्हा मला राहवत नाही.

त्याआधीची तिची वर्षं बघा ना. १९९१ ते १९९५, सलग पाच वेळा युरोपची विजेती. नऊ वेळा फ्रान्सची. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकमध्ये सगळ्या खेळाडूंच्या वतीने शपथ तिने घेतली, आणि त्याच स्पर्धेत हवेत चार गिरक्यांची उडी मारायला गेली. गिरकी थोडी कमी पडली. तेव्हा ती १८ वर्षांची होती.

जागतिक स्पर्धेत मात्र १९९३, ९४, ९५, तिन्ही वर्षं रौप्य. सुवर्ण एकदा ओक्साना बायुलला, एकदा युका सातोला, एकदा चेन लूला. वरची मुलगी दरवर्षी बदलली, दुसरी जागा हिचीच राहिली.

त्यातली ९४ ची, जपानमधल्या चिबाची स्पर्धा मला विसरता येत नाही. नऊ परीक्षक. पाच सातोकडे, चार हिच्याकडे. सुर्या आधी पोडियमवर चढायलाच तयार नव्हती, नंतर गळ्यात घातलेलं पदक तिने काढून टाकलं. प्रेक्षकांनी हुर्यो केली. अखिलाडू म्हणून तिच्यावर शिक्का बसला तो बसलाच.

मी शाळेत असताना सहा वर्षं दोरीचा मल्लखांब केला. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ सांगतं, गुणांच्या खेळात माणसं सांगतात. एका स्पर्धेत निकाल ऐकून मी बक्षीस न घेता घरी आले होते. आई दोन दिवस बोलली नव्हती. म्हणून चिबातला तिचा चेहरा मला ओळखीचा वाटतो.

सातो वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. तिचं बर्फावरून वाहत जाणं फार सुंदर होतं, आणि सुर्याच्या दोन उड्यांमधलं स्केटिंग तितकं मऊ नव्हतं, हे खरंच आहे. ती आली होती जिम्नॅस्टिक्समधून, तिची ताकद दिसायची. पण ‘कलात्मकता’ मोजताना नाजूक, गोऱ्या बाहुलीसारख्या मुलीचंच चित्र किती जणांच्या डोळ्यांसमोर होतं? त्या काळात वरच्या फळीत सुर्यासारख्या कृष्णवर्णीय मुली जवळजवळ नव्हत्याच. हा प्रश्न मला सोडवत नाही.

आणि नागानो. १९९६ मध्ये तिच्या टाचेचा स्नायुबंध तुटला होता. त्या दिवशीही शरीर साथ देत नव्हतं, पदक हातातून गेलेलं. १९७६ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने ती कोलांटी मारल्यावर त्या उडीवरच बंदी आली होती. धोका हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे उडी एका पायावर उतरायला हवी हा या खेळाचा संकेत. सुर्या एका पायावर उतरली! तरी गुण कापले गेले. शेवटी परीक्षकांकडे पाठ करून तिने प्रेक्षकांना अभिवादन केलं. दहावी आली.

२०२४ मध्ये ती बंदी उठली. आज ती उडी मारणाऱ्या मुलांचे गुण कापले जात नाहीत. छानच झालं, पण तेव्हा सुर्या पन्नाशीची होती.

पुढच्या वेळी व्हिडिओ पाठवायचाच असेल तर चिबाचा पाठवा. सातोचा आणि तिचा, दोन्ही, पूर्ण. बघून झाल्यावर दहावे परीक्षक म्हणून तुमचं मत कुणाला, ते खाली लिहा. मी प्रत्येकाला उत्तर देईन.