देवमाशाचा भाव

सिटीलाइटच्या मासळी बाजारात मी गेली बावीस वर्षं एकाच कोळणीकडून मासे घेते आणि गेली बावीस वर्षं तिच्याशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालते. सुरमई असो की बोंबलाचा वाटा, हुज्जत पन्नासचीच. महागाईचा तिच्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती सुरमईच्या तुकड्या पाडत होती आणि मी बोलता बोलता सांगून बसले, की जूनमध्ये आम्ही अलास्काला जाणार आणि तिथे बोटीतून देवमासे बघणार.

कोयता हवेतच थांबला.

"खायला?"

"नाही गं मावशी, बघायला."

"नुसता बघायला? पैसे देऊन?" तिने शेजारच्या पाटीवालीकडे पाहिलं. तीही पापलेटं सोडून माझ्याकडे बघायला लागली. "आणि जूनमध्ये? जूनमध्ये आमची पोरं होड्या शाकारून ठेवतात गो बाय. नारळी पुनवेपर्यंत दर्यात जात नाय. आणि तू पैसे देऊन जातंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे मला चांगलं माहीत आहे, कारण ते दोन महिने आमच्या घरी सोडे आणि सुके बोंबील यांच्यावर काढले जातात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात बंद. ज्या महिन्यात मुंबईकर समुद्र बघतो तो मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कणीस खात, त्याच महिन्यात आम्ही चौघं दुसऱ्याच्या समुद्रात उतरणार होतो.

चौघं म्हणजे मी, नवरा, ताई आणि भावोजी. ताईची लेक सिॲटलला असते. तिने सात रात्रींची क्रूझ ठरवून दिली. सिॲटलहून निघायचं, जुनो, स्कॅग्वे, केचिकन करायचं आणि कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकून परत यायचं. जहाज तिने ठरवलं, खोल्या तिने ठरवल्या, व्हिसाच्या कागदांवरून आम्हाला ओरडलीही तीच. "जुनोला आठ-साडेआठ तास मिळतात. देवमाशांची बोट तेवढी तुम्ही बघा ना, माऊ. एकदम सोप्पंय," असं म्हणून तिने फोन ठेवला. या मुलीला मी मांडीवर घेऊन गुटी पाजलेली आहे. तिने असं करायला नको होतं.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. जायचं तर पाण्याने, नाहीतर विमानाने. उन्हाळ्यात तिथे अवाढव्य जहाजं लागतात आणि त्यांतून उतरणाऱ्या हजारो माणसांपैकी बऱ्याच जणांना देवमासा बघायचा असतो. साहजिकच दादर स्टेशनबाहेर जशा भाजीच्या टोपल्या, तशा तिथे देवमाशांच्या बोटी. शहरापासून अर्ध्या तासावर ऑक बे म्हणून धक्का आहे, तिथून त्या सुटतात. बघायचा तो हंपबॅक, म्हणजे कुबडवाला देवमासा. हा प्राणी हिवाळ्यात हवाईच्या कोमट पाण्यात जातो, पिल्लं घालतो आणि तिथे जवळजवळ काहीच खात नाही. मग चार-साडेचार हजार किलोमीटर पोहत अलास्काला येतो आणि उन्हाळाभर हेरिंग नावाच्या बारक्या मासळीवर तुटून पडतो. वर्षातले काही महिने निर्जळी आणि पुढे सलग पारणं. ताई चातुर्मास पाळते. तिला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. "निर्जळी कशी? पाण्यातच तर असतो," असं भावोजी म्हणाले, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नवरा बँकेतून निवृत्त झालाय. निवृत्त माणूस आणि एक्सेल यांना एका खोलीत एकटं सोडू नये. तीन दिवसांत त्याने तेवीस बोटींचा तक्ता तयार केला. त्याला चौदा रकाने होते. दर, तास, माणसं, काचा, हीटर, दुर्बीण कुणाची, मेंडेनहॉल नावाची हिमनदी त्याच भाड्यात दाखवतात का, बिस्किटं देतात का. चौदाव्या रकान्याला त्याने 'सोय' एवढंच नाव दिलं होतं. साठीच्या अल्याड-पल्याडच्या चार मराठी माणसांना ही सोय म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. आणि तो रकाना भरल्यानंतर बाकीचे तेरा कुणी बघेचना.

बोटी तीन प्रकारच्या निघाल्या. एक, जहाजवाल्यांनीच विकलेली सफर. दुसरी, तिथल्याच कुणाकडून आपण परस्पर ठरवायची शे-सव्वाशे माणसांची मोठी बोट. आणि तिसरी, फक्त सहा प्रवाशांची छोटी. हिला तिकडे 'सिक्स-पॅक' म्हणतात. भावोजींनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हीच घ्या. आयुष्यात एकदा तरी."

छोटी बोट माशाच्या अगदी जवळ जाते, असं भावोजींचं म्हणणं. नवऱ्याने लगेच तिथला कायदा काढून दाखवला. हंपबॅकपासून शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर लांब राहायचं. बोट लहान असो की मोठी, नियम एकच. आता तो स्वतःच बोटीखालून निघाला तर गोष्ट वेगळी.

"मग छोटीचे जास्त पैसे कशाचे?" ताईने विचारलं.

"कमी माणसांचे," मी म्हणाले. अठ्ठावीस वर्षं बोरिवली लोकलने चर्चगेट गाठलेल्या बाईला कमी माणसांची किंमत कळते. पण माझं मत कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

खरी लढाई जुंपली ती वेळेवरून, आणि ती दोन साडूंमध्ये. त्याचं असं, की जहाजाकडून सफर घेतली आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. परस्पर घेतली आणि उशीर झाला तर जहाज टाटा करतं आणि पुढचं बंदर तुम्ही तुमच्या खर्चाने गाठायचं. नवऱ्याचं म्हणणं, जहाजवाले माणशी चाळीस डॉलर जास्त लावतात, ते भीतीचे पैसे आहेत, आपण का द्यायचे? भावोजींचं म्हणणं, आपण भित्रे आहोत म्हणून. तरुणपणी त्यांची एलिफंटाहून शेवटची लाँच चुकता चुकता राहिली होती. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून किमान तीस वेळा ऐकली आहे आणि दर वेळी लाँच धक्क्यापासून थोडी आणखी लांब गेलेली असते. हल्ली ते उडी मारून चढतात. "लोकल चुकली तर मागून दुसरी येते," ते म्हणाले. "हे जहाज गेलं तर मागून काय येणार? अस्वल?"

नवरा म्हणाला, आपण पाच तास हाताशी ठेवून बुक करू. भावोजी म्हणाले, पाच तास हाताशी ठेवायचे तर मग धक्क्यावरच बसू, फुकट आहे. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दोघं एकमेकांशी थेट बोलेनासे झाले. "त्यांना सांग, चहा झालाय," इथपर्यंत आलं.

शेवटी फोन करायचं ठरलं. जुनोची घड्याळं उन्हाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असतात. त्यांचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले रात्रीचे अकरा. मार्चअखेरच्या एका रात्री आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाभोवती, मध्ये स्पीकरवर ठेवलेला फोन, असे प्लँचेटला बसल्यासारखे बसलो. पलीकडून एक मुलगी इतक्या आनंदाने बोलली, की मला वाटलं आपण आधीच पैसे भरलेत.

बोट सहा जणांची होती आणि जाहिरातीत लिहिलं होतं, देवमासा दिसण्याची हमी. न दिसल्यास पैशांचा काही भाग परत. भावोजींचा पहिला प्रश्न तयार होता. "दिसला म्हणजे काय, ते विचार."

मी इंग्रजीत विचारलं. ती हसली. भावोजी हसले नाहीत. "शेपूट दिसली तर पूर्ण धरणार की अर्धा? नुसता फवारा उडाला तर?" मी तेही विचारलं. ती म्हणाली, पैसे परत द्यायची वेळ आमच्यावर सहसा येतच नाही.

"आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यानेही हेच सांगितलं होतं," भावोजी मराठीत, पण फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले. "दहा वर्षांची गॅरंटी. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी टपकायला लागलं तेव्हा म्हणतो, काका, ही गळती नाही, ही ओल आहे."

मग चौदावा रकाना. तो कुणी विचारायचा? ताई फ्रिजकडे बघायला लागली. नवऱ्याला अचानक खोकला आला. शेवटी मीच विचारलं. त्या मुलीने तितक्याच आनंदाने सांगितलं, की आहे ना, बादली आहे आणि पडदाही आहे.

फोन ठेवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. नवऱ्याने लॅपटॉप उघडून ती अख्खी ओळ लाल केली.

"मी तर म्हणतो, गरजच काय?" भावोजी म्हणाले. "२०१६च्या जानेवारीत जुहूला आला होता की. तीस फुटांच्या वर. मी जाऊन बघून आलो. एक पैसा लागला नाही."

"तो मेलेला होता," ताई म्हणाली.

"म्हणून नीट बघता आला."

त्या रात्री नवरा झोपलाच नाही. एक वाजता त्याने मला उठवून सांगितलं, की जगभरातले हंपबॅक थंड पाण्यातून उबदार पाण्यात आणि परत अशा लांबलांबच्या वाऱ्या करतात, पण आपल्या अरबी समुद्रातले काही कुठेच जात नाहीत. पावसाळी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याला खोलचं थंड पाणी वर येतं, खायला घरीच मिळतं, मग जायचं कशाला? बारा महिने इथेच. सकाळी मी हे ताईला फोनवर सांगितलं. आमचं माहेर गिरगावचं.

"म्हणजे गिरगावकर," ती म्हणाली.

"फार थोडे उरलेत म्हणे."

"तेच म्हणतेय मी."

इकडे आम्ही अशी ज्ञानात भर घालत होतो, तोवर तिकडे जागा भरत होत्या. नवऱ्याच्या लाडक्या मोठ्या बोटीत रविवारी सहा जागा होत्या, बुधवारी तीन. दोन साडूंना एका बोटीत आणि आम्हा बहिणींना दुसरीत, असा एक प्रस्ताव मी मांडला. कारण जागांचं दिलं, पण मोह वेगळाच होता. गुरुवारी तिथे शून्य आल्यावर नवऱ्याने जहाजवाल्यांचं पान उघडलं. तिथे फक्त संध्याकाळची खेप उरली होती.

"संध्याकाळी अंधारात काय दिसणार, डोंबल?" ताई.

जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, हे नवऱ्याने सातव्या रकान्यातून वाचून दाखवलं. त्या तक्त्याचा झालेला हा एकमेव उपयोग. बोट मोठी, हीटर, काचा, आणि 'सोय' चक्क दोन. चौघांचे मिळून सातशे साठ डॉलर, म्हणजे पासष्ट हजारांच्या आसपास. कार्ड भावोजींचं, त्यामुळे ओटीपी त्यांच्या फोनवर. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, चष्मा बाहेरच्या. पहिल्या दोन ओटीपींची मुदत संपली. तिसरा ताईने ओरडून सांगितला, तो शेजारच्यांनीही ऐकला असावा.

प्रत्यक्ष सफरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाऊस होता, तो तिथे असतोच. पाणी मात्र बेटांच्या आडोशाला असल्यामुळे अगदी बाणगंगेसारखं निवांत, आणि भावोजींसाठी नेलेली आल्याच्या वड्यांची पूर्ण बरणी आम्हीच संपवली. दीड तासाने एक काळी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला, आणि मग ती शेपूट. वर उचलली, पाणी गाळलं, आणि आवाज न करता आत गेली. प्रत्येकाच्या शेपटीखालची नक्षी वेगळी असते आणि तिच्यावरून ते कोण ते ओळखतात, असं गाइड सांगत होती. बोटीवर कुणी बोलत नव्हतं. भावोजीसुद्धा. त्यानंतर त्यांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पूर्ण धरू."

आम्ही परत आलो तेव्हा जहाज जागेवर होतं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी बाजारात गेले. ताजी सुरमई आली होती. मावशीने आठशे पन्नास सांगितले, मी सवयीने आठशे म्हणाले.

"ते ऱ्हाऊ दे. तुजा देवमासा दाखव."

मी फोन काढला. माझ्याकडे त्रेचाळीस फोटो आहेत आणि त्यातले एकेचाळीस पाण्याचे आहेत. उरलेल्या दोनांतला बरा तिच्यासमोर धरला. तिने ओले हात लुगड्याला पुसले, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, शेजारच्या पाटीवालीला दाखवला.

"मासा कुटं हाय यात?"

"हे काय, हे काळं."

"ही लाट हाय गो." तिने फोन परत दिला. "कितीला पडला?"

मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. कोयता उचलला, सुरमईच्या तुकड्या पाडल्या, डोकं वेगळं बांधलं. मीही मुकाट्याने आठशे पन्नास मोजून तिच्या पाटीच्या कडेला ठेवले. तिने त्यातली पन्नासची नोट उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली.

"घे. आदीच नागवलंय तुला."