सोफ्यातल्या विषाची ब्लड टेस्ट: तो फॉरवर्ड किती खरा?

"सोफा, गादी, टीव्हीतलं आगरोधक केमिकल तुमच्या रक्तात शिरलंय, एक ब्लड टेस्ट करा, सगळं कळेल. नील आलं तर बिनधास्त, आकडा जास्त तर आजार पक्का, मग आमची डिटॉक्स पावडर घ्या." हा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला आणि खाली लिहिलं, तू लॅबवाला ना, सांग. सांगतो मावशी, जरा लांबेल.

केमिकल रक्तात सापडतं हे खरंच आहे. अमेरिकेत 2003-04 च्या सरकारी आरोग्य पाहणीत दोन हजारांवर लोकांचं सीरम (रक्तपेशी काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी) तपासलं तर पीबीडीई या आगरोधकांच्या गटातला बीडीई-47 नावाचा प्रकार जवळजवळ सगळ्यांमध्येच निघाला. पण तिकडे कॅलिफोर्नियाच्या 1975 च्या आगीसंबंधीच्या नियमापायी सोफ्याच्या फोममध्ये ही केमिकलं भरभरून घालायचे, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे आपल्या घराला चिकटवू नका.

आता "एका टेस्टमध्ये सगळं कळेल". साफ चूक. पीबीडीईसारखी ब्रोमीनवाली केमिकलं चरबीत मुरतात, त्यातली बरीचशी वर्षानुवर्षं राहतात, म्हणून ती रक्तात शोधतात. पण हल्ली त्यांच्या जागी फॉस्फरसवाली आलीत, ती शरीर काही तासांत, फार तर दिवसात फोडून लघवीवाटे बाहेर टाकतं, मग तिथे लघवीच तपासावी लागते. अमेरिकेत 1977 मध्ये लहान मुलांच्या नाइटड्रेसमधल्या ट्रिस नावाच्या फॉस्फरसवाल्या आगरोधकावर बंदी आली, ते मुलांच्या अंगात जातंय याचा पुरावा पुढच्याच वर्षी लघवीतूनच मिळाला. म्हणजे परवा दिवसभर फोम कापत बसलेल्या माणसाचंही रक्त आज स्वच्छ दिसू शकतं, आणि हा फॉरवर्ड त्याला नील म्हणून बिनधास्त करणार!

आणि नील म्हणजे काय, तर मशीनला दिसलं नाही. हिशोब बघ ना. नळीतलं रक्त फिरवून 2 मिली सीरम काढलं तर त्यात चरबी साधारण 12 मिलिग्रॅम. त्या पाहणीत बीडीई-47 ची सरासरी होती दर ग्रॅम चरबीमागे 20 नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या नळीत जेमतेम पाव नॅनोग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाचे दोन लाख तुकडे केले तर त्यातला एक! त्याला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं मशीन लागतं, कोपऱ्यावरच्या लॅबमधलं शुगर-थायरॉइडचं मशीन नाही. त्यात लॅबच्या धुळीतही हीच केमिकलं असतात, म्हणून प्रत्येक खेपेला सोबत कोरं, म्हणजे रक्त नसलेलं सॅम्पल चालवून बघायचं असतं, नाहीतर धूळच पेशंटच्या नावावर जमा.

"आकडा जास्त तर आजार पक्का" हे वाचून मला अमेरिकेतलं मिशिगन राज्य आठवलं. 1973 मध्ये तिथे एकाच कंपनीत गुरांच्या खाद्यात मिसळायची पावडरही बनायची आणि पीबीबी नावाचं आगरोधकही, गोण्यांची अदलाबदल झाली आणि पीबीबी थेट पेंडीत गेलं. पुढे तीसेक हजार गुरं मारावी लागली, पण तोवर दूध-मांस घरोघरी पोचलं होतं. त्या लोकांची रक्तं चाळीस वर्षांनंतरही तपासली जात होती आणि अनेकांत पीबीबी निघतच होतं. नुकसान काहीच नाही असं नाही हां, आईच्या पोटात आणि दुधातून ज्या मुलींना जास्त मिळालं त्यांना पाळी लवकर आल्याचं दिसलं. पण हे कळलं ते बऱ्याच जणींचे आकडे शेजारी ठेवून. एकटीच्या रिपोर्टवरून "तुला अमुक आजार होणार" असं कोणी सांगू शकत नाही. शुगरला असते तशी नॉर्मल रेंजच इथे नाही, फक्त इतरांच्या मानाने तू कुठे बसतेस तेवढं कळतं.

पावडरीबद्दल काय बोलायचं! शरीरातलं पीबीडीई काढते असं सिद्ध झालेली एकही पावडर नाही. उलट झटपट वजन उतरवलं तर चरबीतलं केमिकल सुटून रक्तात येतं आणि आकडा वाढूही शकतो. म्हणजे टेस्ट, पावडर, परत टेस्ट, चांगलंच दुकान आहे.

तर मावशी, पैसे ठेव. पीबीडीई घरात अंगात जातं ते मुख्यतः धुळीतून, हाताला लागून तोंडात, म्हणून रांगत्या पोरांत मोठ्यांपेक्षा जास्त सापडतं. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पूस, बाळाला भरवायच्या आधी त्याचे आणि तुझे हात धू. आणि तुझ्या त्या जुन्या सोफ्याचं कव्हर फाटून खाली पिवळी भुकटी सांडते ना, ते आधी शिवून घे. फोम कसला आहे मला माहीत नाही, पण बाळ नेमकं तिथेच बसतं.