कलम २५ अर्धंच फॉरवर्ड झालंय

आमच्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर हा मेसेज आधी मामांनी टाकला, मग दोन दिवसांत जळगाव-धुळ्याकडच्या आणखी तीन ग्रुपवर तोच आला. मजकूर थोडक्यात असा: लेकरू आमचं, देव आमचा. पोराला भगताकडे न्यायचं की दवाखान्यात, हे आईबाप ठरवतील. घटनेच्या कलम २५ ने तो हक्क दिलाय. भगताचा गुण येतो हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतसुद्धा अशी सूट आहे. आणि दवाखान्यात काय पोरं मरत नाहीत?

कलम २५ ची सुरुवातच अटीने होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांना अधीन राहून, असं आधी लिहिलंय, धर्मस्वातंत्र्य त्यानंतर. मेसेजवाल्याने पुढचं घेतलं, आधीचं कापलं. इतर तरतुदींत कलम २१ चा जगण्याचा हक्क येतो, आणि तो बापाइतकाच तान्ह्या पोरालाही आहे. सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं, पण स्वतःवरचे. तीन वर्षांच्या पोराने भगत निवडलेला नसतो.

‘लेकरू आमचं’ हे खरं, म्हणून तर जबाबदारी तुमची. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ सांगतं की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मुलाला विनाकारण त्रास होऊ शकेल अशी जाणूनबुजून हेळसांड केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. ‘जाणूनबुजून’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नंदुरबारच्या डोंगरात धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथल्या बापाला उशीर झाला तर जाब सरकारला विचारायचा, त्याला नाही. पण हा मेसेज पाड्यावरून आलेला नाही. तो दारात गाडी असलेल्यांनी पाठवलाय.

आता भगताचा गुण. मी चौथीत असताना मला कावीळ झाली. आजी म्हणाली, “डाक्टरकडे जाऊ ना, पन पहिले हात धुई ल्हे.” उतरवणाऱ्याने माझे हात कसल्याशा रसाने चोळले, चुन्याच्या पाण्यात बुडवले, आणि परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. माझ्या अंगातली कावीळच ती! मी हरखून बघत राहिलो. पुढे कॉलेजात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका कार्यकर्त्याने हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून ठणठणीत माणसाचं पाणीही तसंच पिवळं करून दाखवलं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक पोरांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय परातीला जातं. मात्र एखाद्याचं यकृत साथ सोडतं, पोर गुंगीत जातं. आणि नवजात बाळाची कावीळ वाढली तर मेंदूला इजा करते. तिचा उपाय म्हणजे बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवणं. तिथे परात काय करणार?

सापाचंही तेच. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती सगळी पोरं भगताच्या खात्यावर जमा. पण मण्यार जातीचा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या पोराला चावतो तेव्हा फारसं दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही, शेवटी श्वास अडतो. सूज नाही म्हणून “विष उतरलं” असं सांगणारा भगत तेवढ्यात तास-दोन तास खाऊन टाकतो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या कानबाईच्या रोटांना किंवा वणीच्या पायी वारीला तो हात लावत नाही. भगतावर एवढाच विश्वास असेल तर त्यालाही गाडीत घ्या, मंत्र वाटेत म्हणता येतो.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे. आयडाहोसारख्या काही राज्यांत अशी सूट आहे. पण ऑरेगन राज्याने ती २०११ मध्ये काढून टाकली, कारण फक्त प्रार्थनेवर विसंबणाऱ्या एका पंथातली पोरं दगावत होती. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ सालीच म्हटलंय की आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायचं तर होऊ द्या, पोरांना हुतात्मा करायची मोकळीक त्यांना नाही.

दवाखान्यात पोरं मरतात, हो. कधी डॉक्टर जागेवर नसतो, कधी औषध संपलेलं असतं. त्यासाठी मोर्चा काढा, मी येतो.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री मामांचा एकच मेसेज आला: “सापाचं इंजेक्शन चोपड्याला मिळतं का रे?”

मिळतं, मामा. सरकारी दवाखान्यात, फुकट. १०८ ला फोन लावा.