'शून्य शुल्क' म्हणता आणि दरात कापता

परदेशी चलन आधीच भरून ठेवायच्या चार प्रीपेड ट्रॅव्हल कार्डांपैकी मला कोणतं स्वस्त पडेल, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. माझ्या खात्यातून अमुक इतके पैसे जातील आणि युरोपात माझ्या हातात अमुक इतके युरो येतील, हे सांगणारा एक आकडा मिळाला की झालं. त्यासाठी तीन संध्याकाळी वही घेऊन बसले आणि तरीही फसले. परत येऊन दोन आठवडे होतील, पण संताप काही उतरत नाहीये.

पहिला राग 'शून्य शुल्क' या दोन शब्दांवर आहे. चारपैकी दोन कार्डांच्या जाहिरातीत हे शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत होते. कार्ड काढायला पैसे नाहीत, रिलोडला, म्हणजे पुन्हा पैसे भरायला, पैसे नाहीत, एटीएमलाही नाहीत. मग ही कंपनी चालते कशावर? दरावर. खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक चलनाचा एक मधला दर असतो, म्हणजे बाजारात त्या क्षणी चाललेल्या खरेदीच्या आणि विक्रीच्या दरांच्या बरोबर मधला. तो गुपित नाही, कुणालाही बघता येतो. युरोपियन सेंट्रल बँक कामाच्या दिवशी तिच्या घड्याळाप्रमाणे दुपारी ४ च्या सुमारास आपले संदर्भदर जाहीर करते. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या साइटवर त्यांच्या त्यांच्या दरांचे कॅल्क्युलेटर आहेत. कार्ड विकणारा मात्र तुम्हाला मधल्या दराने युरो देत नाही. तो त्यावर आपला टक्का चढवतो, आणि त्या टक्क्याला 'शुल्क' म्हणत नाही. म्हणून शुल्कपत्रकात त्याची ओळच नसते. सगळ्यात मोठा खर्च आणि नेमका तोच पत्रकात नाही! याला मी लबाडीच म्हणणार.

बरं, तो दर तरी सरळ दाखवा ना. एका साइटवर मोबाइल नंबर आणि ओटीपी दिल्याशिवाय दर दिसत नव्हता. दुसरीवर दिसला, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की हा दर केवळ सूचक आहे, प्रत्यक्ष दर पैसे भरताना ठरेल. तिसरीच्या कस्टमर केअरला फोन केला, तर बारा मिनिटं थांबवून 'मॅडम, दर रोज बदलतो' हे उत्तर. रोज बदलतो हे मलाही कळतं हो! मी विचारत होते की मधल्या दरावर तुम्ही किती टक्के चढवता. ते त्या मुलीला माहीत नव्हतं, आणि तिचा त्यात काही दोष नाही. तिला ते कुणी सांगितलेलंच नसणार.

शेवटी एकाच दिवशी एकाच तासात चारही दर मिळवले, मधला दर शेजारी लिहिला आणि १,००० युरोंचा हिशेब केला. 'शून्य शुल्क' वाल्याचा दर मधल्या दरापेक्षा ३.२ टक्के महाग होता. म्हणजे १,००० युरोंमागे ३२ युरो आधीच गेले, ते कार्ड एकदाही वापरायच्या आत. जे कार्ड उघडपणे पैसे मागत होतं त्याचा दर ०.९ टक्के वर, म्हणजे ९ युरो, कार्ड काढायचे ५, आणि चार वेळा एटीएमला गेले तर प्रत्येकी २ प्रमाणे ८. एकूण २२. फुकटवालं कार्ड पैसे मागणाऱ्या कार्डापेक्षा १० युरोंनी महाग! आणि हे कळायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ज्याला टक्केवारीचा कंटाळा आहे तो माणूस 'शून्य' बघून सही करणार, आणि त्यांना नेमका तोच माणूस हवा असतो.

मी हे उघडपणे पैसे मागणारं कार्ड घेतलं. युरो भरले. आम्ही दोघी, मी आणि ताई, आधी व्हिएन्नाला आणि मग प्रागला जाणार होतो. ऑस्ट्रियात युरो चालतो, पण चेक प्रजासत्ताकात कोरुना. युरो भरलेल्या कार्डावरून कोरुनात खर्च केला की 'क्रॉस करन्सी' नावाचं शुल्क लागतं. माझ्या कार्डावर ते ३.५ टक्के होतं. कुठे लिहिलं होतं? पीडीएफच्या शेवटून दुसऱ्या पानावर, तळटिपेत. प्रागमध्ये साधारण ३०० युरोंचा खर्च धरला तर १० युरो ५० सेंट तिथे गेले. म्हणजे २२ चे झाले साडेबत्तीस, आणि मी हिशेब करून वाचवलेले १० युरो एका तळटिपेने खाल्ले. तुमचा प्रवास कुठून कुठे आहे हे धरल्याशिवाय कुठलंच कार्ड स्वस्त की महाग ठरत नाही, आणि दोन कार्डं शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते हे कधीच विचारत नाहीत.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं खरोखर फिरलं ती सांगते.

व्हिएन्नातून निघायच्या सकाळी हॉटेलच्या काउंटरवर बिल भरत होतो. ४१२ युरो. मी कार्ड दिलं. काउंटरवरच्या माणसाने मशीन स्वतःकडे वळवून ठेवलं होतं. त्याने कार्ड लावलं, एक बटण दाबलं, मग मशीन माझ्याकडे सरकवून पिन टाकायला सांगितला. टॅक्सी बाहेर उभी होती, ताई बॅगा ओढत होती, मी पिन टाकला. पावती घडी घालून पाकिटात ठेवली. रात्री प्रागला पोचल्यावर ॲप उघडलं, तर ४१२ च्या जागी ४४७ युरो ७४ सेंट गेलेले. आधी वाटलं, मिनी बारचे काही लावले असतील. मग पावती उलगडली. रक्कम आपल्या चलनात होती!

काय झालं ते नीट समजून घ्या, कारण हे कार्डावर युरो असूनही होतं. मशीनला तुमच्या कार्डात काय भरलंय ते दिसत नाही. कार्ड कुठल्या देशात काढलंय एवढं दिसतं, आणि ते विचारतं की स्वतःच्या चलनात पैसे द्यायचेत का. याला डीसीसी म्हणतात, डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. 'हो' दाबलं की युरोंचं बिल आपल्या चलनात बदलतं, दुकानाच्या मशीनच्या दराने. माझ्या पावतीवर तो मधल्या दरापेक्षा ५ टक्के महाग होता, म्हणजे ४१२ चे झाले ४३२.६०. मग ही आपल्या चलनातली मागणी कार्डाकडे येते. कार्डात आहेत युरो. म्हणून कार्ड युरो मोडून ती मागणी पुरी करतं, आणि त्यावर पुन्हा ३.५ टक्के क्रॉस करन्सी लावतं. ४४७.७४. युरोंचं बिल, कार्डात युरो, आणि मधे दोन वेळा चलन बदलून दोघांनी आपापला वाटा काढला. ३५ युरो ७४ सेंट! मी तीन संध्याकाळी बसून जे वाचवायला बघत होते त्याच्या साडेतीन पट, एका बटणाने. ते बटणही मी दाबलेलं नाही. ही निवड ग्राहकाने करायची असते, व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही तसा नियम आहे. मला कुणी विचारलंच नाही.

प्रागच्या एटीएमवर हाच खेळ, फक्त या वेळी मी सावध होते. ६,००० कोरुना काढायचे होते. पडद्यावर हिरवं मोठं बटण, 'हमी दराने रूपांतर स्वीकारा'. दुसरं करड्या रंगाचं, कोपऱ्यात, 'रूपांतराशिवाय'. मी करडं दाबलं. मशीनने पुन्हा विचारलं, नक्की का, दराची हमी मिळणार नाही. भाषा अशी की वाटावं आपणच काहीतरी चूक करतोय. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून नियम आहे की असं रूपांतर करताना युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरावर किती टक्के चढवले ते दाखवायचं. दाखवलं होतंच, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, १० च्या वरचा आकडा. चष्मा काढून पडद्याला नाक लावून वाचला. शिवाय त्या मशीनच्या मालकाचं वेगळं शुल्क, माझ्या कार्डाच्या २ युरोंच्या वर. कार्डवाल्यांच्या 'एटीएम मोफत' मध्ये हे दुसरं शुल्क कधीच धरलेलं नसतं, कारण ते त्यांच्या हातात नाही. मग तसं सांगा तरी!

आणखी एक. हॉटेलात येतानाच त्यांनी १५० युरो अनामत म्हणून कार्डावर अडकवले होते. क्रेडिट कार्डावर असं झालं की मर्यादा कमी होते, प्रीपेडवर तुमचे रोख भरलेले पैसे अडकतात. सुटायला नऊ दिवस लागले, तोवर आम्ही घरी पोचलो होतो. त्या १५० च्या जागी मला मधेच रिलोड करावं लागलं, तेही रविवारी, चलनबाजार बंद असताना, म्हणून अजून महाग दराने.

पैसे आधी भरून ठेवले की दर गोठतो, युरो महागला तरी आपल्याला फरक पडत नाही, हा फायदा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण युरो स्वस्त झाला तर नुकसानही आपलंच. आणि आधी भरलेला पैसा दुसऱ्याच्या ताब्यात असतो. जून २०२० मध्ये जर्मनीतली वायरकार्ड ही कार्डांचे व्यवहार हाताळणारी कंपनी कोसळली, तिच्या हिशेबातल्या १.९ अब्ज युरोंचा पत्ताच नव्हता. ब्रिटनच्या नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचं काम थांबवलं आणि भलत्याच नावांची प्रीपेड कार्डं वापरणाऱ्या लोकांचे पैसे काही दिवस अडकून पडले. आपल्या कार्डामागे वायरकार्ड आहे हे त्यातल्या कितीतरी जणांना तेव्हा कळलं असेल. माझ्या कार्डाच्या मागे कोण आहे हे मी आत्ता कार्ड उलटं करून वाचलं. समोरच्या लोगोचं नाव नाहीच ते.

आता कार्डावर ३८ युरो ६० सेंट उरलेत. परत मागितले तर खरेदी दराने देणार, म्हणजे मधल्या दराच्या खाली, आणि वर परताव्याचं शुल्क. नाही मागितले तर सहा महिन्यांनी वापर नाही म्हणून दरमहा कापायला सुरुवात. माझेच पैसे, आणि ते ठेवायलाही पैसे, काढायलाही पैसे!

त्या ३५ युरो ७४ सेंटांची तक्रार मी कार्डवाल्यांकडे परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी केली. काल उत्तर आलं, तीन ओळींचं. पावतीवर 'ग्राहकाने चलनाची निवड स्वतः केली आहे' असं छापलेलं असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. ते वाक्य मशीन आपणहून छापतं, बटण कुणीही दाबो. पिन टाकायच्या आधी मशीन कुणाकडे वळलेलं होतं हे पावतीवर येत नाही. काउंटरच्या वर कॅमेरा होता. मी आज पुन्हा लिहिलंय, तारीख आणि वेळ देऊन, त्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागवा म्हणून.